हिराकाकीचा हातगुण

पनवेलमधल्या निदान निम्म्या लोकांच्या नकला मला येतात. स्टँडवर गाड्या पुकारणारा तो कंट्रोलर, ज्याला स्वतःलाच कळत नाही की अलिबाग गाडी लागली की सुटली. आमच्या गाळ्याचा मालक, जो 'नमस्कार' म्हणायच्या आधी 'लाइट बंद केली का' विचारतो. हळदीच्या मांडवात बेंजोवाले चहा प्यायला गेले की मधल्या वेळात माइक माझ्याकडे असायचा, आणि लोक मला बाहेर काढायच्या ऐवजी अजून एक कर म्हणायचे. पण हिराकाकीची नक्कल काही मला पूर्ण जमली नाही. आवाज जमतो. कमरेवर हात ठेवून मान वाकडी करणं जमतं. अडचण अशी की तिचा खरा खेळ सुरू झाला की ती बोलायचीच नाही. आता गप्प बाईची नक्कल कशी करायची? स्टेजवर नुसता उभा राहिलो तर लोक म्हणतील पाठांतर विसरला.

आधी धंदा सांगतो, कारण तो एकदा सांगून कुणाला कळत नाही. माझं लेथ मशीन आहे आणि मी त्यावर पेन बनवतो. बनवतो म्हणजे काय, तर रंगीत रेझिन साच्यात ओतायचं, ते दगडासारखं झालं की त्याची काकडीएवढी चौकोनी कांडी निघते. तिला ब्लँक म्हणतात. ती लेथला लावायची, चारी बाजूंनी साल काढायची, की आतून पेन निघतो. शौकीन लोक असे पेन हौसेनं घेतात आणि त्यानं सही करायला घाबरतात. तर, रेझिन ओतायला जो साचा लागतो तो असतो सिलिकॉनचा. मऊ, वाकवला की वाकणारा, म्हणजे आतली कांडी अलगद बाहेर येते. हे साचे करायचे, आणि फाटले की दुरुस्त करायचे, हे काम हिराकाकीचं. गाळा एकच. पुढं माझी घरघर, मागं तिचे डबे.

काकी इथल्याच ओवे गावची. बसनं यायची. त्याआधी पेणच्या बाजूला गणपतीच्या कारखान्यात तिनं कैक वर्षं साच्याचं काम केलं होतं. तिकडे साचे रबराचे. मूर्तीवर ब्रशनं पातळ रबराचा हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा, असं करत जाड साल तयार करायची. ते सोडून ती आमच्यात कशी आली ते तिनं कधी नीट सांगितलं नाही. एकदा म्हणाली, 'गनपतीचा झाला, आता सरस्वतीचा करू.' बास.

पहिल्याच दिवशी मी विनोद केला, 'काकी, तुम्ही पेणातून पेनात आलात.'

ती हसली नाही. 'झाला?' म्हणाली. 'आता ती बादली दे. आन मना तुमी नको बोलू. मी काय मामलेदार हाय?'

तेव्हापासून तू. आणि मी तिच्यासाठी 'नकल्या'. माझं खरं नाव तिला माहीत होतं की नाही, शंका आहे.

साडी खोचलेली, वर तांदळाच्या गोणीचा एप्रन, त्यावर हत्तीचं चित्र, हत्ती बरोब्बर पोटावर. सिलिकॉन दोन डब्यांत येतं. दोन्हीतलं समसमान घ्यायचं, ढवळायचं आणि ते घट्ट व्हायच्या आत ओतायचं. पेटीत ॲक्रिलिकच्या कांड्या उभ्या-आडव्या चिकटवलेल्या असतात, त्यांच्यावर. नंतर कांड्या काढल्या की त्यांच्या जागी खाचा राहतात. तोच साचा. हे ओतताना काकी स्टुलावर चढायची. भांडं छातीएवढं उंच धरायची आणि पेटीच्या एकाच कोपऱ्यात दोऱ्याएवढी धार सोडायची. धार बारीक असली की आतले बुडबुडे वाटेतच फुटतात. 'बुडबुरा बोलन्यानी येतो' हा तिचा सिद्धांत. त्यामुळे धार चालू असताना माझं मशीन बंद, फोन बंद, तोंड बंद. एकदा ऐन धारेत गाळ्याचे मालक आले आणि सवयीनं म्हणाले, 'लाइट...' काकीनं नजर धारेवरून हलवली नाही. फक्त उजवा पाय उचलून अंगठ्यानं दार दाखवलं. मालक गेले. भाडेकरूच्या अंगठ्यानं मालक बाहेर गेल्याची पनवेलमधली ही एकमेव घटना असावी. ही नक्कल मात्र मला जमते, फक्त पडायची भीती असते.

साचा फाटला असं तिच्यासमोर म्हणायचं नाही. वाढला म्हणायचं. बांगडी वाढते, नारळ वाढतो, तसा साचा वाढतो. आणि नवीन साचा लगेच कामाला लावायचा नाही. ऑर्डर कितीही उभी असू दे. 'नवा साचा म्हंजे नवी सून. पयल्या दिशी राबवलीस तं जलमभर तोंड वाकरा करील.' तो साचा मग फळीवर दोन-चार दिवस आराम करायचा आणि आम्ही दोघं सासूसारखे त्याच्याकडे बघत बसायचो.

पुण्याचे एक साहेब होते. पेनांचे इतके वेडे की फोनवर पेनाबद्दल बोलताना आवाज खाली घ्यायचे, लग्नाची बोलणी चालल्यासारखा. त्यांनी एकदा एक साचा दुरुस्तीला पाठवला. कांडी निघेना म्हणून स्क्रूड्रायव्हर घातला होता. कोपरा पार टराटर. काकीनं तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि मला विचारलं, 'याला कोनी मारला?'

'पुण्याच्या साहेबांनी.'

'शिकलेली मानसा घरात अशीच मारतात. बाहेर आवाज नाय.'

मग तिनं जखम स्पिरिटनं पुसली, आगपेटीच्या काडीनं चिरेत ताजं सिलिकॉन भरलं आणि दोन्ही बाजूंनी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. साचा असा दिसत होता जणू दातांना तारा लावल्यात. मी विचारलं, हे धरेल का? तर म्हणाली, 'सिलिकॉन कुनाला चिकटत नाय. काचेला नाय, लाकराला नाय, पत्र्याला नाय. चिकटला तं फक्त आपल्या भावकीला.' चिमटा दाबून बघत पुढं, 'मानसांचा उलटा हाय.' आमच्याकडे जमिनींना भाव आल्यापासून कुणाची भावकी कुणाला किती चिकटून आहे हे पनवेलकराला सांगायची गरज नाही. सात-बारा उघडला की चिमटे लावूनही धरत नाही.

साचा परत गेला. साहेबांचा फोन आला. 'काकू, कमाल! कुठे फाटला होता तेच कळत नाही हो!'

'कलत नाय कसा? उलटा करा. लाल टिकली लावलीय.'

खरंच लावली होती. सिलिकॉनमध्ये लाल रंग कालवून टाचणीच्या डोक्याएवढा थेंब, जिथं शिवण होती तिथं. प्रत्येक दुरुस्तीला लावायची. साहेब जरा खट्टू झाले, म्हणाले, 'पण मग ती खूण कायमची राहणार ना?' काकी म्हणाली, 'राहनारच. उंद्या तुमी पुन्ना माराल, तवा नीट करनाऱ्याला कलाया नको, कुठं दुखतंय?' साहेबांनी तेव्हापासून स्क्रूड्रायव्हर सोडला. आता ते साचा पाठवताना सोबत बाकरवडी पाठवतात.

अजून एक सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. कर्नाळ्याच्या पायथ्याजवळच्या एका गावातले एक गृहस्थ आले. मुलीचं लग्न झालेलं. हळदीच्या दिवशी तिच्या हाताला बांधलेला हळदीनं माखलेला दोरा त्यांनी जपून ठेवला होता. तो पेनात घालून जावयाला द्यायचा. एकच दोरा, दुसरा आणायचा म्हटलं तर मुलीचं पुन्हा लग्न लावायला लागेल. काकीनं खास साचा केला, मी पारदर्शक रेझिन कालवलं, दोरा मधोमध ताणून ओतलं. सकाळी कांडी काढली. पिवळा दोरा लालभडक! रेझिनमध्ये जे घट्ट करायचं औषध असतं त्यानं हळदीचा रंग पार फिरवला होता.

गृहस्थ दुपारी येणार. मी घाबरून पळवाटा शोधतोय, कधी मालकाच्या आवाजात 'गाळा बंद आहे' म्हणू का, कधी कुरिअर चुकला म्हणू का. काकी शांत. गृहस्थ आले, कांडी हातात घेतली, चेहरा पडला. 'हा... पिवळा होता ना?'

'व्हता,' काकी म्हणाली. 'मांडवात होता तवर हळद. आता लगीन झाला ना तुमच्या पोरीचा? हळदीत चुना गेला का काय होतो?'

गृहस्थांनी कांडी उजेडात धरली. मग म्हणाले, 'कुंकू.'

'मंग?'

ते गृहस्थ रडले. आनंदानं. आणि जाताना काकीच्या पाया पडले. माझ्या कुणी पडलं नाही. नंतर मी तिला म्हटलं, 'काकी, तू तर हे पण खपवलंस.' ती म्हणाली, 'खपवला काय? खरा बोल्ली. कुंकू करतात कसा म्हाईत नाय तुना?' मी घरी जाऊन आईला विचारलं. तसंच करतात.

आता त्या दिवसांबद्दल सांगतो, जेव्हा आमच्या गाळ्यात हसू बंद झालं होतं.

रेझिन कच्चं असताना अंगाला लागलं की काही लोकांना सोसत नाही. एकदम नाही, हळूहळू. साच्यांवर सांडलेलं रेझिन पुसून पुसून काकीच्या बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे आले, मग भेगा. ती खोबरेल लावत राहिली. शेवटी मी तिला जबरदस्तीनं त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण, सगळ्या वाक्यांत 'आपण' म्हणणारा. 'आजी, आपण आता काय करायचं, आपण ग्लोव्हज घालायचे. सगळ्या कामाला. नाहीतर आपल्याला हे काम सोडावं लागेल.' बाहेर आल्यावर काकी म्हणाली, 'यो पन येनार हाय का कामाला? आपन आपन करतंय.'

मेडिकलमधून हातमोजे आणले. पांढरट, पावडरवाले, रबराचे. काकीनं ते ओढून बघितले, वास घेतला आणि चेहरा एकदम सैल झाला. 'आरं, रबर! यो तं आपल्या घरचा.' आयुष्य रबरात गेलेलं. माहेरचं माणूस भेटल्यासारखे तिनं ते हातात घातले. आधी मला वाटलं होतं रोज डॉक्टरची नक्कल करून 'आपण घालूया' म्हणावं लागेल, पण एकदाच करावी लागली. एकच तक्रार होती. काकी दिवसातून दोन-तीनदा मिश्री लावायची, उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं. हातमोज्याचं बोट तोंडात गेलं की मिश्रीला रबराची चव. तिनं सरळ कात्री घेतली आणि उजव्या हातमोज्याचं पहिलं बोट कापून टाकलं. प्रत्येक नवीन जोडीचं तेच. मिश्री लावायची, हात धुवायची, पुसायची, पुन्हा काम.

आणि त्याच आठवड्यात साचे नासायला लागले.

पहिला उघडला तर खाचा आतून चिकट, गुळाच्या ढेपेवर बोट ठेवल्यासारख्या. असा साचा काही कामाचा नाही, रेझिन त्यात अडकून बसतं. काकी म्हणाली, 'गारठा लागला त्याला.' दुसरा उन्हात ठेवला. चिकट. मी वजनकाट्याचा सेल बदलला. चिकट. नवीन डबे मागवले. चिकट. काकीनं मीठ-मिरच्या घेऊन प्रेशर पॉटची दृष्ट काढली. हा पॉट म्हणजे ज्यात रेझिन दाबाखाली ठेवतो तो, ती त्याला कुकर म्हणायची. मिरच्यांचा असा खकाणा उठला की शेजारचा झेरॉक्सवाला गिऱ्हाइकासकट रस्त्यावर. साचा चिकट.

मी नकला करून बघितल्या. डॉक्टर केला, मालक केला, पुण्याचे साहेब केले. ती बघायची पण नाही.

एका दुपारी नासलेला साचा मांडीवर घेऊन ती म्हणाली, 'माजा हातगुन गेला, नकल्या.'

हे मला हसण्यावारी नेता येईना, कारण हातगुण ही तिच्यासाठी बोलायची गोष्ट नव्हती. गणपतीच्या कारखान्यात हंगामाचा पहिला साचा मालक तिच्याच हातानं लावून घ्यायचा. ती बाळंतीण असताना त्यानं म्हणे पहिला हात तिच्यासाठी थांबवून ठेवला होता. दुसऱ्या कशाचाही गर्व नव्हता तिला. दागिना म्हणून कानात बारीक फुलं. पण हात समोर धरून बघायची कधीकधी, भाकरी जमली की बघतात तशी.

तिचा मुलगा दिनेश न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतो, राहतोही तिकडेच. तो वर्षभर तिच्या मागे लागला होता, आई, बास आता, घरी बस. आणि ती दर वेळी त्याला फोनवर असं झापायची की ट्रेलर रिव्हर्स जाईल. 'घरी बसून काय करू? टीवीवरच्या सुनांची भांडना सोरवू?' त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. स्पीकरवर होता, तिचे हात भरलेले. 'आई, बघ, हात पण खराब झाले. येतेस का घरी?'

काकी म्हणाली, 'बरा.'

पलीकडून दिनेशनं दोनदा 'काय?' म्हणून विचारलं. त्याला 'बरा' ऐकायची सवय नव्हती. मला तर मशीन बंद पडल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, 'जान्याच्या आधी एक साचा तू कर. मी बगते.' मी कधी केला नव्हता. कांड्या पुसल्या, उघड्या हातांनीच पेटीत लावल्या, ढवळलं, स्टुलावर चढलो. धार दोऱ्याएवढी सोडायची तर माझी कासऱ्याएवढी. त्यात मध्येच मला शिंक आली. काकी खाली उभी राहून कपाळावर हात मारतेय, पण बोलत नाही, कारण धार चालू. सकाळी उघडला. बुडबुड्यांनी भरलेला, देवीच्या व्रणांसारखा. पण कोरडा. खणखणीत घट्ट. कुठं चिकट नाही.

काकीनं त्या घाणेरड्या साच्यावरून बोट फिरवलं, मग माझा उजवा हात उलटा करून तळवा बघितला. 'तुज्याकरं आला,' म्हणाली. 'जाव दे. घरातच र्‍हायला.' आणि हसली. खरं हसली, त्यात काही कडू नव्हतं, म्हणूनच मला सहन झालं नाही. मी म्हटलं, 'काकी, मला नको तो.' तर म्हणे, 'हातगुन काय भाजी हाय, नको म्हनून परत द्याला? उंद्या येऊन माजे डबे आवरते.'

दुसऱ्या दिवशी ती आली ती आवरायलाच. पण वाया घालवणं तिच्यात नव्हतं. नासलेल्या साच्यांतला जो भाग घट्ट झालेला असतो त्याचे बारीक तुकडे करून पुढच्या साच्याच्या पोटात भर म्हणून घालता येतात. भावकीला चिकटतं ना. ते तुकडे माझ्यासाठी करून ठेवायला ती जमिनीवर बसली, हातमोजे चढवले, कात्री घेतली. आत्तापर्यंत नासलेला साचा दिसला की ती रागानं कोपऱ्यात फेकायची. आज पहिल्यांदा तिनं एकेक खाच उभी चिरली आणि आतून उजेडात धरली.

'इकरं ये.'

गेलो. खाचेच्या भिंतींवर चिकट डाग होते. पण सगळीकडे नाही. लांबट, गोल टोकाचे डाग. बाकी भिंत घट्ट.

'काय दिसतंय?'

'बोटं,' मी म्हटलं.

'माजी,' ती म्हणाली. 'कांडी उचलून पेटीत ठेवताना जिथं धरली तिथं. जिथं हात लागला तिथं नासला. आता तरी पटला? मी काय खोटा बोलत नवती.' आणि पुरावा म्हणून तिनं आपला उजवा हात त्या डागांवर ठेवला. अंगठा एका भिंतीवर. बरोबर बसला. दुसऱ्या भिंतीवर मधलं बोट, त्याच्या शेजारचं, करंगळी. बरोबर बसली.

मग ती थांबली.

'पयला कुठं हाय?'

पहिल्या बोटाच्या खाली भिंत कोरडी होती. घट्ट. तिनं नखानं घासून बघितलं. दुसरी खाच चिरली. अंगठा, तीन बोटं, पहिलं गायब. कोपऱ्यातला अजून एक साचा ओढला, तो चिरला. पुन्हा तेच. डाव्या हाताचे जिथं होते तिथं मात्र पाचही. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं हात वर केला, धार चालू असताना करायची तसा. उजवा हात डोळ्यांसमोर धरला. पांढरा हातमोजा, आणि त्यातून बाहेर आलेलं एकच उघडं, सावळं, मिश्रीनं काळसर झालेलं बोट.

ती त्या बोटाकडे बघत राहिली. बोट जणू तिच्याकडे बघत राहिलं.

'आयला... रबरा!' ती इतक्या जोरात ओरडली की झेरॉक्सवाला परत रस्त्यावर आला. त्याला वाटलं पुन्हा मिरच्या. 'तू! तू व्हय रं मेल्या! इतकी वर्सा तुना अंगावर खेलवला, आन तू माज्याच हातावर बसून माजा घर जालतंस!' हातमोजे उलटे सोलून तिनं समोर आपटले आणि त्यांना अशा शिव्या घातल्या की त्या इथं लिहिता येत नाहीत. आगरी शिवी ही लिहायची चीज नाही, ती अंगावर घ्यायची असते. मी हसायला लागलो. मग ती पण. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुसायला हात वर नेला तर मी ओरडलो, 'काकी, सिलिकॉन!' तिनं पदरानं पुसलं.

पण काकी म्हणजे काकी. पटलं म्हणून सोडणारी नव्हे. तिथल्या तिथं चहाचे दोन कागदी कप घेतले, दोन्हीत एकाच भांड्यातलं सिलिकॉन ओतलं, एकात हातमोज्याचा कापलेला तुकडा टाकला. सकाळी एक कप घट्ट, दुसऱ्यात त्या तुकड्याभोवती चिकट लगदा. तिनं तो दुसरा कप गणपतीच्या फोटोखाली ठेवला. म्हणाली, 'त्याला पन दावते. त्याचा पन रबराशी जुना संबंध हाय.'

मग दिनेशला फोन. 'आरं, मी येत नाय.'

'कुठं?'

'घरी.'

तो हसला. म्हणाला, 'मला माहीत होतं. मी खोली पण आवरली नव्हती.'

चट्टे होतेच, त्यामुळे हातमोजे हवेच होते. मेडिकलवाल्यानं निळे दाखवले, रबर नसलेले. काकीनं त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, डब्यावर ठेवला नाही, माझ्यावर तर नाहीच. एका हातमोज्याची करंगळी कापली, कपात टाकली, वर सिलिकॉन ओतलं. रात्रभर परीक्षा. सकाळी करंगळीभोवती सगळं घट्ट, कोरडं. तेव्हा कुठं निळी जोडी हातात चढली.

त्यानंतर वर्षभर आमचं बरं चाललं. मग मी मशीन रोह्याला हलवलं, घरची जागा रिकामी झाली म्हणून. साचे मात्र काकीकडचेच. मध्यंतरी नवीन साचे घ्यायला सकाळी लवकर पनवेलला आलो, तर गाळा बंद. झेरॉक्सवाला म्हणाला, 'मच्छी मार्केटला गेलीय.'

लांबूनच दिसली. भर बाजारात निळे हातमोजे घालून. कुणालाच नवल नव्हतं, म्हणजे रोजचंच असावं. कोळणीनं आत्ताच पाटी मांडली होती, बर्फातले बोंबील अजून ताठ. 'ये गो डाक्टरीन,' ती म्हणाली. 'कवाची वाट बगतंय. तिगांना परत पाठवला.'

'कशाला गो?' काकीनं विचारलं.

'दिसाची पयली भवानी तुज्या हातानी पायजे. तू केलीस का दुपारपर्यंत पाटी रिकामी. हात चांगला हाय तुजा.'

मी मागे उभा आहे हे काकीला अजून माहीत नव्हतं. 'थांब मंग,' म्हणाली. उजवा हातमोजा बोटाबोटानं सोलून काढला, काखेत धरला. पदराच्या गाठीतून नोट काढली आणि उघड्या हातानं कोळणीच्या हातावर ठेवली. कोळणीनं नोट कपाळाला लावली, पाटीला लावली, कोयत्याला लावली.

मग काकीनं वळून मला बघितलं. 'नकल्या! सुकलास रं. रोह्याला जेवाला देत नाय का?' बोंबलांची पिशवी माझ्या हातात दिली, हातमोजा परत चढवला, मनगटाशी टप् करून सोडला.

'चल बिगी. कालचा साचा उघराचा हाय.'

आणि रस्त्याच्या कडेला जाऊन निळा हात उंच करून रिक्षा थांबवली. पहिलीच थांबली.